बंपरचं भोक आणि वाऱ्याची वाट

एखाद्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये फिरून गाड्यांचे चेहरे बघा. बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, फॉग लॅम्पच्या आजूबाजूला, काळ्या जाळीची मोठाली तोंडं दिसतील. मधाच्या पोळ्यासारखी नक्षी, कडेला चकचकीत पट्टी. गाडी उभी असली तरी श्वास रोखून पळायच्या तयारीत आहे, असं वाटावं. आता मालक खिडकीत नाही याची खात्री करून घ्या आणि त्या जाळीत बोट घाला. बऱ्याच गाड्यांत ते अर्ध्या सेंटिमीटरवर अडतं. मागे सपाट प्लास्टिक आहे. नाटकाच्या पडद्यावर रंगवलेल्या खिडकीतून जेवढा वारा येतो, तेवढाच या तोंडातून येणार.

काही गाड्यांत मात्र बोट आत जातं. टॉर्च मारला तर मागे एक नळकांडं किंवा चाकाकडे उघडणारी फट दिसते. हे तोंड दिखाऊ नाही, ते ब्रेकला वारा घालायला ठेवलेलं आहे. खोटं तोंड खरं करायची हौस जगभरातल्या गाडीवेड्यांना असते. करवत घ्यायची, जाळीमागचं प्लास्टिक कापायचं, झालं! पण झालेलं काहीच नसतं. भोक पाडायला वीस मिनिटं लागतात. भोकातून आत आलेला वारा नेमका कुठे गेला पाहिजे हे कळायला मोटारींच्या शर्यतीतल्या लोकांनाही बराच काळ लागला.

आधी उष्णतेचा हिशोब मांडू. ब्रेक गाडी थांबवतो असं आपण म्हणतो, पण तो खरं तर वेगाची उष्णता करतो. दीड हजार किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, तर सुमारे 5 लाख 80 हजार ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तेवढ्यात 1.8 लिटर साधं पाणी उकळी येईपर्यंत तापेल. म्हणजे बारा-पंधरा कप चहाचं आधण, तेही चार सेकंदांत. वेग दुप्पट केला तर आधण चौपट. ही सगळी उष्णता चार चाकांत सारखी वाटली जात नाही. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, वजन पुढच्या चाकांवर येतं, आणि साठ-सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त काम पुढच्या दोन डिस्कना, म्हणजे चाकांबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्यांना, करावं लागतं. म्हणून वाऱ्याची सगळी खटपट पुढच्या बंपरात चालते.

आता रस्ता सोडून शर्यतीच्या ट्रॅकवर जाऊ, कारण हा विषय तिथला आहे. उदाहरणाला गाडी घेऊ माझ्दाची एमएक्स-5, अमेरिकेत मियाटा म्हणून ओळखली जाणारी. 1989 साली आलेली ही छोटी, दोन माणसांची, उघड्या छताची गाडी. पहिल्या पिढीचं इंजिन 1600 सीसीचं, ताकद साधारण 115 अश्वशक्ती, पुढच्या डिस्कचा व्यास फक्त 235 मिलिमीटर. अमेरिकेत, जपानमध्ये, युरोपात हौशी शर्यतवाल्यांनी हिच्यावर जेवढे प्रयोग केले, तेवढे क्वचितच दुसऱ्या गाडीवर झाले असतील.

चालकासकट हिचं वजन 1050 किलो धरू. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ती 160 च्या वेगाने आली आणि वळणासाठी 60 वर आणली. या कामाला तीन सेकंदांच्या थोडं वर लागतात. तेवढ्यात जिरवावी लागणारी ऊर्जा सुमारे 8 लाख 90 हजार ज्यूल. भागाकार केला की आकडा येतो 280 किलोवॉटचा, म्हणजे जवळजवळ 380 अश्वशक्ती. थोडा वाटा समोरचा वारा आणि इंजिन उचलतात, पण तो सोडला तरी या चिमुकल्या गाडीचे ब्रेक तिच्या इंजिनाच्या तिप्पट ताकदीने काम करत असतात. पुढची एक डिस्क चारेक किलोची धरली, तर एका दाबण्यात तिचं तापमान दीडशे अंशांच्या आसपास उडी घेतं. ट्रॅकच्या एका फेरीत अशी चार-पाच वळणं असतात आणि फेरी संपली की लगेच दुसरी सुरू होते.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती कळली नाही की सगळे पैसे वाया जातात. बंपरातून आणलेला वारा ती दीडशे अंशांची उडी कमी करत नाही. तीन सेकंदांत वारा काय करणार? ती उडी डिस्कच्या वजनावर ठरते. जड डिस्क, छोटी उडी. वाऱ्याचं काम त्यानंतर, दोन वळणांच्या मधल्या सरळ पट्ट्यावर. तिथे डिस्कचं तापमान जिथवर उतरेल, तिथून पुढची उडी सुरू होणार. वारा नसेल तर प्रत्येक फेरीत उडीची सुरुवात थोडी वरून होते: दोनशे, अडीचशे, साडेतीनशे. आली तेवढी उष्णता बाहेर जायला लागली की चढण थांबते. ती कुठे थांबणार एवढंच वाऱ्याच्या हातात असतं.

आणि ती फार वर थांबली तर काय होतं? दोन वेगवेगळ्या गोष्टी होतात, आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. पहिली, डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या पॅडची. पॅडमधली भुकटी राळेने बांधलेली असते. ठरावीक तापमानापलीकडे ती राळ जळू लागते आणि घर्षण घसरतं. पायाखाली पेडल दगडासारखं घट्ट असतं, पण गाडी थांबत नाही. दुसरी गोष्ट ब्रेक ऑइलची. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधून उष्णता ऑइलपर्यंत पोचते आणि ते उकळतं. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून पेडल स्पंजासारखं मऊ होऊन थेट खाली जातं. साधं ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. ताजं डॉट-4 प्रतीचं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये असं मानक सांगतं. त्यातच पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ती मर्यादा 155 वर येते. डॉट-3 ची 205 वरून 140 वर. कोकणातले दोन पावसाळे काढलेल्या गाडीच्या ऑइलमध्ये काय मुरलं असेल, याचा विचार तिथल्या गाडीवाल्याने करावा. बंपरला हात लावण्याआधी ऑइल बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि त्यात मिरवण्यासारखं काही नसल्यामुळे तो सगळ्यात शेवटी सुचतो.

उष्णतेची ही कटकट डिस्कच्या आधीपासूनची आहे. ड्रम ब्रेकमध्ये घर्षणाची जागा डब्याच्या आत असते, उष्णता कोंडून राहते. डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 साली घेतलं होतं, पण तिचं खरं तेज दिसलं 1953 च्या ल मां शर्यतीत, जेव्हा डनलॉपच्या डिस्क लावलेली जॅग्वार सी-टाइप जिंकली. दोन वर्षांनी मर्सिडीज त्याच ट्रॅकवर ड्रम ब्रेकच घेऊन आली आणि त्या ब्रेकना मदत म्हणून चालकाच्या पाठीमागे चक्क एक मोठी फळी बसवली होती. वळण आलं की ती उभी राहायची आणि वाऱ्याला अडवून गाडी हळू करायची. पक्षी उतरताना पंख उभे करतो तसं. ब्रेकला वारा पुरवता येत नाही, तर वाऱ्यालाच ब्रेक करू, असा तो जर्मन हट्ट. मला ती फळी आवडते, कारण गरम ब्रेकपुढे किती हुशार माणसं किती मेटाकुटीला आली होती ते तिच्यात दिसतं.

डिस्क उघडी असते म्हणून ती आपोआप थंड होते, असं मात्र नाही. बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकाची डिस्क नीट पाहिली तर ती एक नसून दोन चकत्या असतात आणि मधे पाती असतात. चाक फिरलं की पात्यांमधली हवा बाहेरच्या कडेकडे फेकली जाते आणि तिच्या जागी मधल्या भोकाकडून, चाक ज्यावर बसतं त्या हबाच्या बाजूने, नवी हवा ओढली जाते. ही डिस्क म्हणजे घरातल्या कूलरच्या पंपासारखा एक फिरता पंप आहे, फक्त पाण्याऐवजी हवेचा. म्हणजे वाऱ्याला आत शिरायचं दार मध्यभागी, आणि तेही आतल्या, इंजिनाकडच्या बाजूला.

नवशिक्याची पहिली चूक इथेच होते. तो बंपरात भोक पाडतो, नळी आणतो आणि डिस्कच्या चेहऱ्यावर सोडतो. आतली चकती गार, बाहेरची तापलेली. एक बाजू आखडते, दुसरी फुगते, आणि डिस्क बशीसारखी किंचित वाकते. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. वारा भरपूर मिळाला, पण चुकीच्या दाराशी. जाणकार माणूस डिस्कमागचा धूळ अडवणारा पातळ पत्रा काढतो किंवा कापतो, त्या जागी हबाभोवती बसेल असा बंद चौकटीचा तुकडा लावतो आणि नळीचं तोंड त्याला जोडतो. आता नळीतला वारा दुसरीकडे जाऊच शकत नाही. पंप त्याला ओढतो आणि पात्यांमधून दोन्ही चकत्या सारख्याच गार करत बाहेर टाकतो.

वाटेचं दुसरं टोक बंपरात. गाडीच्या नाकावर, जिथे वारा येऊन आपटतो आणि थबकतो, तिथे दाब सर्वात जास्त. कोपऱ्याकडे बंपर वळला की वारा बाजूने सुसाट पळतो आणि तिथे दाब घटतो. म्हणून तेच भोक दहा-पंधरा सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तर आत फुंकण्याऐवजी बाहेर ओढू लागतं. ताशी 160 ला नाकावरचा हा जास्तीचा दाब सुमारे 1200 पास्कल असतो. हवेच्या नेहमीच्या दाबाचा हा फक्त सव्वा टक्का, तेवढंच भांडवल. नळीचं प्रत्येक वळण, प्रत्येक चिमटा त्यातून खर्च मागतो. दोन इंची नळीऐवजी तीन इंची टाकली तर वाट सव्वादोन पट रुंद होते. पण चाक दोन्हीकडे वळतं, सस्पेन्शन वरखाली होतं, आणि टायर त्या जाड नळीला घासून एका दिवसात चिंध्या करतो. ही नळी सिलिकॉन आणि काचतंतूंची, आत तारेचं वेटोळं असलेली असते. साध्या प्लास्टिकची नळी तापलेल्या हबाजवळ टिकत नाही. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून, जॅक वरखाली करून, टायर आणि नळी यांच्यात बोटभर जागा राहते का हे बघण्यात अर्धा दिवस जातो. अर्धा दिवस कंबर मोडून गाडीखाली पडून राहणं, हे या कामाचं खरं रूप.

एमएक्स-5 च्या पहिल्या पिढीवर लोकांनी शोधलेली युक्ती गमतीची आहे. या गाडीला बंपरच्या मधे एकच हसरं तोंड. तिथली हवा रेडिएटरला लागते, ती चोरली तर इंजिन तापणार. मग नाकावर, चांगल्या दाबाच्या जागी, आयतं भोक कुठे आहे? समोरच्या इंडिकेटरचा दिवा बसतो तिथे! दिवा काढायचा, त्याच मापाचं नळीचं तोंड बसवायचं. ट्रॅकवर कुणाला उजवीकडे वळतोय हे सांगायचं नसतं. फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीला ही तडजोड शोभते, रस्त्यावर नाही.

पोर्शेने दुसरी वाट निवडली. 911 च्या जीटी3 गाडीत खालच्या सस्पेन्शन आर्मवर पळीसारखा एक प्लास्टिकचा तुकडा असतो. गाडीच्या पोटाखालून वाहणारा वारा तो पकडतो आणि डिस्ककडे वळवतो. नळी नाही, बंपर कापायचा नाही, टायर घासायचा प्रश्न नाही, कारण पळी चाकाबरोबरच वरखाली होते. साध्या 911 आणि बॉक्स्टर, केमनचे मालक तो तुकडा आणून आपल्या गाडीला लावतात. वारा कमी मिळतो, पण त्रासही तितकाच कमी. मला विचाराल तर रस्त्यावरच्या गाडीसाठी ही पळी त्या सगळ्या नळ्यांपेक्षा शहाणी आहे.

बाजारात मिळणाऱ्या एका आकारावर मात्र पैसे घालू नका. बॉनेटवर किंवा बाजूला दिसणारा, निमुळत्या टोकाने सुरू होऊन रुंदावत जाणारा, आत दबलेला खड्डा. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या नाका या विमानविद्येच्या संस्थेने तो विकसित केला. सपाट पृष्ठभागावरून वाहणारी हवा फार अडथळा न करता आत घ्यायची असेल तर तो उत्तम. पण बंपरचं नाक म्हणजे वाऱ्याच्या थेट समोरची भिंत; तिथे गोल ओठांचं साधं तोंड त्याहून चांगलं काम करतं. ओठ गोल हवेत, एवढं लक्षात ठेवा. कापलेल्या धारदार कडेवर हवा फाटते आणि भोकाचा काही भाग फुकट जातो. कुणी तो खड्डा नुसता स्टिकर म्हणूनही चिकटवतो. त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही.

कापायच्या आधी बंपरच्या मागे काय आहे तेही बघावं. आजच्या गाडीचा बंपर हे नुसतं प्लास्टिक नाही. आत धक्का झेलणारा तुळईसारखा पट्टा आहे, पादचाऱ्याच्या पायाला मार कमी लागावा म्हणून फोम आहे, एअरबॅगचे सेन्सर आहेत, नव्या गाड्यांत रडारही आहे. फॉग लॅम्पच्या जागेतून वाट काढणं म्हणूनच लोकांना सोयीचं वाटतं: तिथे भोक आधीच आहे. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. नोंदणीतल्या तपशिलाशी गाडी जुळणार नाही असे बदल ते करू देत नाही. समोरचा इंडिकेटर उपटून रस्त्यावर आलात तर आरटीओच्या माणसाशी दाब आणि पास्कल यांवर चर्चा करून उपयोग नाही.

वारा फुकट मिळतो असं वाटतं, पण आत घेतलेली हवा गाडीला थोडी मागे ओढते. शिवाय वारा जास्तही होतो. शर्यतीचे पॅड थंड असताना धड पकडत नाहीत. फॉर्म्युला वनच्या कार्बन डिस्क तर काहीशे अंश तापल्याशिवाय कामालाच लागत नाहीत, आणि फार तापल्या तर हवेतल्या ऑक्सिजनने झिजत जातात. म्हणून तिथले मेकॅनिक ट्रॅक आणि हवा बघून ब्रेकच्या तोंडाचं माप बदलतात. अमेरिकेतल्या मार्टिन्सव्हिलच्या जेमतेम अर्ध्या मैलाच्या, नासकार शर्यतींच्या ट्रॅकवर उलट अडचण: सतत ब्रेक, सरळ पट्टा एवढासा, वेग कमी. डिस्क लालबुंद झालेल्या दिसतात, म्हणजे त्यांनी सव्वापाचशे अंश ओलांडलेले असतात. तिथे नळीतला वारा कमी पडतो म्हणून नळीतच विजेवर चालणारे पंखेही बसवले गेले आहेत.

केलेल्या कामाचा उपयोग झाला की नाही हे कसं कळणार? मित्र म्हणेल, पेडल छान वाटतं. मित्राचं ऐकू नका. डिस्कच्या कडेला लावायचा खास रंग मिळतो: हिरवा पट्टा साधारण 430 अंशांना पांढरा पडतो, नारिंगी 560 ला पिवळा होतो, लाल 610 ला पांढरा. दिवस संपला की कोणता पट्टा उडाला ते वाचायचं. मला त्याहून आवडणारी रीत साधी आहे. डावीकडच्या नळीचं तोंड चिकटपट्टीने बंद करायचं, उजवीकडचं उघडं ठेवायचं, दहा फेऱ्या मारायच्या आणि दोन्ही डिस्कचं तापमान मोजायचं. मग पट्टी या बाजूची त्या बाजूला. फरक दोन्ही वेळा उघड्या तोंडाच्या बाजूने दिसला तर कष्टाचं चीज झालं. नाही दिसला तर वारा वाटेत कुठेतरी गळतोय, परत गाडीखाली.

राहिला आपला घाट. काही वर्षांपूर्वी खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना तापलेल्या पॅडचा तो जळकट वास माझ्या गाडीत भरला. चहाच्या टपरीवर थांबल्यावर एका उत्साही तरुणाने सल्ला दिला की बंपरमध्ये भोकं पाडून घ्या, काका. हिशोब करून बघू. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत रस्ता सुमारे 500 मीटर खाली येतो. दीड हजार किलोच्या गाडीची उंची एवढी उतरली की 73 लाखांहून जास्त ज्यूल सुटतात: शंभरच्या वेगावरून सुमारे साडेबारा वेळा गाडी थांबवल्याइतके. पाच टक्के उतारावर 40 च्या वेगाने जाताना जिरवायची ताकद आठ किलोवॉटच्या थोडी वर. दोन किलोवॉटचे चार गिझर एकदम चालू ठेवल्यासारखं. आणि 40 ला नाकावरचा दाब किती? वेगाच्या वर्गाने तो घटतो, म्हणजे 160 च्या मानाने सोळावा हिस्सा, जेमतेम 75 पास्कल. नळीतून वाहणारी हवा त्यामुळे चौथा हिस्सा. शिवाय ट्रॅकवर दोन वळणांच्या मधे थंड व्हायला सरळ पट्टा असतो. घाटात पाय ब्रेकवरून उचललाच नाही, तर विश्रांतीचा एक सेकंदही नाही.

मी त्या तरुणाला एवढं सांगितलं नाही. चहा संपेपर्यंत वरून मालाने भरलेले दोन ट्रक उतरून गेले. इंजिनाचा घोगरा, ओढलेला आवाज, गिअर खालचा, वेग बैलगाडीच्या थोडा वर. त्यांच्या चाकांकडून कसलाच वास आला नाही. मी गाडीत बसलो, दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि त्यांच्या मागून खाली आलो.